अस्तरातला कागद

त्या दिवशी शर्हान गिरणीवरून सकाळीच परतला. दळायला काही उरलंच नव्हतं. तुर्कांनी कूत गावाला वेढा घातला त्याला पाच महिने होत आले होते. आत इंग्रजांची फौज अडकली होती, आणि फौजेबरोबर गावही. दोन दिवस तोफा गप्प होत्या. शर्हानने उंबऱ्यावर बसून सवयीने बाह्या झटकल्या. बाह्यांवर पीठ नव्हतं.

त्याच्या मुलीने, हस्नाने, त्याच्यापुढे जवाची भाकरी ठेवली. भाकरीत पिठापेक्षा कोंडा जास्त होता.

"खायला घोडेही संपले म्हणे," तो म्हणाला. "आता साहेबलोक एकमेकांच्या तंगड्यांकडे बघायला लागलेत."

हस्ना हसली. नंतर तिला आठवायचं ते एवढंच, की त्या दिवशी आपण हसलो होतो.

भाकरी संपल्यावर त्याने कमरेतून घडी घातलेला एक कागद काढला. पाच महिने ज्या साहेबासाठी त्याने पीठ दळलं, त्याने निघताना तो हातात ठेवला होता. हा माणूस सरकारशी इमानाने वागला, त्याला मदत करावी, असं त्यात लिहिल्याचं दुभाष्याने सांगितलं होतं. कागद देताना साहेबाने मान वर केली नाही, असंही शर्हान म्हणाला. उद्या हे लोक शस्त्रं खाली ठेवणार, ही बातमी गिरणीवर सगळ्यांना कळली होती.

"नदीत टाकून ये, पोरी. तुर्क यायच्या आत."

"हो, बाबा."

हस्नाने तो टाकला नाही. कूतमध्ये कागद कुणी टाकत नसे. गेलेलं सरकार कधी परत येईल याचा नेम नव्हता. गेल्याच वर्षी तुर्क गेले होते आणि इंग्रज आले होते. आता इंग्रज चालले होते, पण त्यांची दुसरी फौज नदीच्या खालच्या अंगाला दोन मजलांवर अडून होती, हे घराघरात ठाऊक होतं. ती आली की हाच कागद बाबांना उपयोगी पडेल, असं तिला वाटलं. बाबांच्या झग्याच्या गळ्याशी, अस्तराच्या आत, करबल्याहून आणलेला ताईत शिवलेला होता. तिने तिथली शिवण उसवली, ताइतामागे कागद सरकवला आणि बारीक टाके घालून गळा पुन्हा बंद केला. तिच्या टाक्यांची बाबा नेहमी तारीफ करायचे.

दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी आपल्याच तोफा फोडल्या आणि दुपारी तुर्क गावात शिरले. गोरे आणि हिंदी शिपाई रांगेने नदीकडे गेले. काहींना धड उभंही राहता येत नव्हतं. गावकरी दारांच्या फटींतून बघत होते.

मग ज्यांनी फौजेची कामं केली होती त्यांना बोलावणं आलं. शर्हान गेला. बरोबर त्याचा मुलगा जब्बार गेला. घरी येऊन सगळं सांगितलं ते जब्बारने, आणि त्याने ते एकदाच सांगितलं. बाबा म्हणाले, ज्याच्या हातात बंदूक त्याचं मी दळलं, मला कुणी विचारलं होतं का. अधिकारी त्यावर थोडा हसलाही. असं सांगून दोघे-तिघे आधीच सुटले होते. मग झडती झाली. शिपायाला गळ्याशी काहीतरी जाड लागलं. ताईत आहे, म्हणाले बाबा. शिपायाने अस्तर फाडलं तर आतून दोन कागद निघाले, एक ताइताचा आणि दुसरा साहेबाचा.

"ते त्या कागदाकडे बघतच नव्हते," जब्बार म्हणाला. "फाटलेल्या शिवणीकडे बघत होते. कितीतरी वेळ. मग म्हणाले, मीच ठेवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्हानला नदीकाठी फाशी दिलं.

हस्नाने चूल पेटवली, पाणी आणलं, दुखवट्याच्या फातिहाला आलेल्या बायकांना कॉफी दिली. बायका छाती बडवून रडत होत्या. तिला रडू येईना. पोरीचं काळीज दगडाचं झालंय, असं शेजारीण तिच्यासमोरच म्हणाली. हस्नाने तिचा पेला पुन्हा भरला.

दहाव्या दिवसापासून जब्बारने अब्बूद न्हाव्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. साहेबाने कागद दिला तेव्हा गिरणीवर अब्बूद होता. इंग्रजांच्या दाढ्या करूनही तुर्कांनी त्याला सोडलं होतं. नाहीतर झग्याचा गळा चाचपून बघायचं शिपायाला सुचलं कसं? जब्बारने भर बाजारात सांगितलं, की अब्बूद दिसेल तिथे आपण त्याला मारणार. अब्बूदचं दुकान बंद झालं. त्याची बायको पाण्याला बाहेर पडेना. हस्ना हे रोज ऐकत होती. बोलायचं तर भावासमोर काय काय उघडं पडेल, हेही तिला कळत होतं. एकदा तिने तोंड उघडलंही होतं. जब्बारने विचारलं, काय गं? ती म्हणाली, काही नाही, भाकरी गार होतेय.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर, गावात ज्यांचा शब्द मानला जाई त्या सय्यद मुहानच्या बैठकीत दोन्ही घरं समोरासमोर बसली. बायका वेताच्या चटईच्या पडद्याआड होत्या. अशा बैठकीत बाई बोलत नसे. सय्यदांनी दोन वाटा ठेवल्या. अब्बूदने करबल्याला हजरत अब्बासच्या दर्ग्यात जाऊन शपथ घ्यावी, नाहीतर बायकापोरांसह गाव सोडावं. तिथे खोटी शपथ घेणारा जिवंत घरी पोचत नाही, हे सगळे मानत. अब्बूद म्हणाला, आत्ता चला, मी तयार आहे.

"तू शपथ घेशीलही," जब्बार म्हणाला. "ज्याने माणूस विकला त्याला अब्बासचं काय भय? मला तुझी शपथ नको. करबल्याच्या वाटेवरच मी तुला गाठतो."

"गाठ," अब्बूद म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुझ्या बापाची दाढी वीस वर्षं केली मी. त्याच्या गळ्याला माझा वस्तरा कधी लागला नाही. गाठ मला."

सय्यद जब्बारला दटावत होते. अब्बूद उठून चपला शोधू लागला. हस्नाने पाहिलं, त्याला डाव्या पायाची चप्पल सापडत नव्हती. ती समोरच होती.

तिने चटई बाजूला सारली. शेजारणीने तिच्या चादरीचा पदर धरून मागे ओढलं. तिने तो सोडवून घेतला आणि माणसांमध्ये जाऊन उभी राहिली. जब्बार अर्धवट उठला.

"बस, जब्बार," ती म्हणाली. "अब्बूदकाका, तुम्हीही बसा. शपथ घेऊ नका. बाबांनी मला तो कागद नदीत टाकायला सांगितलं होतं. मी हो म्हणाले. आणि मीच तो त्यांच्या झग्यात शिवला. त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं."