शून्य म्हणजे उत्तम

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो कापड कापायचा. मागे मन उधळलं तेव्हा त्याने तीन दिवस न झोपता दोनशे सदरे कापले, प्रत्येकाला तीन बाह्या. तिसरी कशाला, असं कारखान्याच्या मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "लागली तर असावी." तेव्हापासून तो बटणं लावायला बसला. महिनाभराचा तक्ता नीट भरून दवाखान्याची चिठ्ठी आणलीस तरच मोठी कात्री परत, असं मास्तरांनी बजावलं होतं.

तक्ता दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवला होता, रोज एक आकडा. मन उधळलं की अधिक पाचपर्यंत, बसलं की उणे पाचपर्यंत. शून्य म्हणजे उत्तम.

आईला हे काही पटेना. "शून्य उत्तम? शाळेत असतानाही हेच सांगायचास."

महिन्याने सिस्टरनी तक्ता उघडला आणि चष्मा पुसला. तीसही दिवस दहा.

"अहो, आकडे पाचावर संपतात!"

त्याने वाकून पाहिलं. प्रत्येक शून्याच्या आधी वेगळ्या शाईत एकाचा आकडा उभा होता.

"आईचं काम. पोरगं नापास दिसू नये म्हणून."

सिस्टर खो खो हसल्या. "धन्य आहे माऊली! म्हणजे सगळी शून्यंच की. छान. देते कात्रीची चिठ्ठी."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी अर्धी ओळ लिहिलीसुद्धा.

"सिस्टर, शून्यंही खोटी आहेत. काल एका बैठकीत भरली."

पेन थांबलं. "मग खरा आकडा?"

"आधी उणे दोन. मग एक बटण लावायला तास जायला लागला. आज उणे चार. चार तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"आणि मोठी कात्री कशासाठी हवी होती?"

"आधी कापडासाठीच."

जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का, असं सिस्टरनी आडपडदा न ठेवता विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. चिठ्ठी फाडून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, मग बाहेर बसलेल्या आईला आत बोलावलं.

"आज इथेच ठेवतोय. कपडे आणा. नाडी नसलेले."

आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "नाडीशिवाय पायजमा राहायचा कसा?"

"धरून चालायचं," तो म्हणाला.