पडक्या गाळ्यातली मेंढरं

मंदीच्या त्या वर्षांत बेळसांगीच्या बाजारात माणसं यायची, भाव विचारायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. बेळसांगी सोलापूरपासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. तिथल्या म्युनिसिपालिटीनं बाजारात दगडी गाळे बांधून भाड्यानं दिले होते, आणि अगदी टोकाच्या गाळ्यात केराबाई घोंगड्या विकायची. नवरा धुळाप्पा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. आठवडी बाजाराला तेवढा गावात यायचा.

केराबाई भाडं वेळेवर द्यायची. म्युनिसिपालिटीवर तिचा जीव होता म्हणून नव्हे. बाजार इन्स्पेक्टर मानसिंगराव दारात येऊन उभा राहिला की आलेलं गिऱ्हाईक वळून जायचं, एवढ्यासाठी.

त्या साली सोलापूरच्या प्रांतसाहेबांचा हुकूम आला : येणं किती, वसूल किती, याचा टक्का दर महिन्याला कळवा, टक्का घसरला तर रस्त्याची ग्रँट विसरा. म्युनिसिपालिटी खडबडून जागी झाली आणि तिनं वसुली कमिटी नेमली. चेअरमन झाले शिवलिंगप्पा. भुईमुगाच्या शेंगांचे मोठे व्यापारी. बाजारातले सगळ्यात ऐसपैस तीन गाळे त्यांच्याकडे, आणि त्या गाळ्यांचं भाडं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

हे ऐकून केराबाई इतकी हसली, की तोंडातली तंबाखू पदरावर सांडली.

कमिटी कामाला लागली. बाजाराच्या वेशीवर काळा फळा टांगला आणि त्यावर थकबाकीदारांची नावं खडूनं लिहिली. पहिलंच नाव शेजारच्या शांतम्माचं. बिचारी बांगड्या विकायची. हिवतापानं अंथरूण धरल्यामुळं तिचा एक हप्ता चुकला होता. तिच्या दारात हलगी वाजवली. आजारी बाई तोंडावर पदर ओढून बसली.

केराबाईनं मानसिंगरावाला गाठलं. “इनिस्पेक्टर, चेरमनचं नाव कुटं हाय वो फळ्यावर?”

मानसिंगरावानं मिशांवरून बोट फिरवलं. “फळा लहान आहे, केराबाई. मोठी बाकी त्यावर मावत नाही.”

“आन् शांतम्मा मावली व्हय?”

तो खाली मान घालून निघून गेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला जेवढं धैर्य लागतं तेवढंही त्याच्यापाशी नव्हतं. त्याची बढती टक्क्यावर अडली होती, आणि टक्का अडला होता चेअरमनच्या तीन गाळ्यांवर. बारक्यांना कितीही पिळलं तरी तो वर सरकेना.

मग कमिटीची बैठक बसली. भजी आली, चहा आला, आणि ठराव पास झाला : सदर तीन गाळे पडून नादुरुस्त झाले आहेत, सबब त्यांचं भाडं आकारता येत नाही; आणि भाडंच नाही तर बाकी कसली? दुसऱ्या दिवशी हलगीवाला गावभर ओरडत फिरला, “ऐका हो ऐका, तीन गाळे पडलेत हो!” सागवानी दारांचे ते गाळे छपरापर्यंत शेंगांची पोती पोटात घेऊन मजेत उभे होते. टक्का मात्र उडी मारून वर गेला. कमिटीनं एकमेकांच्या गळ्यात हार घातले.

पुढच्या बाजाराला धुळाप्पा कळप घेऊन आला. मेंढरं रस्त्यात उभी केली तर म्युनिसिपालिटी पट्टी घ्यायची. केराबाईनं चेअरमनच्या तिन्हींतल्या मधल्या गाळ्याकडं पाहिलं. मापं चालू होती, दार सताड उघडं होतं.

“घाला आत,” ती नवऱ्याला म्हणाली.

“आगं, आप्पांचा गाळा त्यो!”

“पडलाय त्यो. हलगी ऐकली न्हाय व्हय?”

मेंढरं आत घुसली ती थेट शेंगांवर. पोती फुटली. मापाडी उडी मारून बाहेर पळाला. तेवढ्यात धोतराचा सोगा सावरत शिवलिंगप्पा धावत आले.

“केरे! माझ्या गाळ्यात मेंढरं घालतीस?”

“तुमचा गाळा कुटं हाय आप्पा? पडलाय की.”

“डोळे फुटले का तुझे? उभा दिसत नाही?”

“दिसतोय की. लई भक्कम हाय.” केराबाई गर्दीत उभ्या मानसिंगरावाकडं वळली. “इनिस्पेक्टर, तुमीच सांगा समद्यांम्होरं. उभा आसंल तर आत्ता मेंढरं काढते, शेंगाचं बी भरून देते. पर मग भाडं बी उभंच ऱ्हातंय.”

सगळा बाजार मानसिंगरावाच्या तोंडाकडं बघू लागला. त्यानं घाम पुसला. सोलापूरला टक्का कळवून झाला होता. चेअरमन डोळे वटारत होते. पण डोळ्यांनी बढती मिळत नाही.

“पडलाय,” तो पुटपुटला.

“मोट्यानं सांगा की!”

“पडलाय!”

बाजार खदखदून हसला. शांतम्माही हसली, कितीतरी दिवसांनी. दिवे लागायच्या आत उरल्यासुरल्या शेंगा आप्पांच्या घरी गेल्या, आणि तीनही गाळ्यांत मेंढरं, भाजीवाले नि कुंभारांची मडकी पसरली.

मग प्रांतसाहेब मोटारीतून तपासणीला आले. लेंड्यांचा वास आला म्हणून खालीच उतरले नाहीत. काचेतून त्यांनी गाळ्यांकडं पाहिलं, “फार मोडकळीला आलेत,” म्हणाले आणि दुरुस्तीला पैसे मंजूर केले. वसुलीबद्दल कमिटीला शाबासकी मिळाली, मानसिंगरावाला बढती; वसुली मात्र त्याच्याकडंच राहिली. धडधाकट भिंतींना चुना फासला, हीच दुरुस्ती. मग लिलाव झाला आणि तिन्ही गाळे शिवलिंगप्पांच्या मेव्हण्याच्या नावावर चढले. कोरे करकरीत, एका पैची बाकी नाही.

केराबाईनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तेवढीही किंमत त्यांना द्यावी असं तिला वाटलं नाही. महिनाअखेरीस तिनं पूर्ण भाडं मानसिंगरावापुढं ठेवलं, वर गाळ्याची किल्ली ठेवली.

“का गं? धंदा सोडतीस?”

“धंदा न्हाय, तुमची सावली सोडते. मैंदर्गीच्या बाजारात झाडाखाली बसंन.”

“असं नको करू बाई. चांगली भाडेकरू गेली तर टक्का...”

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. घोंगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन, कळपाच्या मागोमाग, मैंदर्गीच्या वाटेला लागली.