पेटीतली बंडी

"आज हीच घालू त्याला," असं म्हणत आईने कापराच्या लाकडाच्या पेटीतून लाल बंडी बाहेर काढली. आत कापूस भरलेला, छातीवर रेशमाने भरलेले दोन मासे. बंडीबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला आणि सुतयिंगने उठून खिडकी सताड उघडली.

सुतयिंगच्या धाकट्या बहिणीची लेक वाइलाम. तिला मुलगा झाला होता आणि आज त्याला महिना भरत होता. दुपारी हॉटेलात जेवण होतं. लाल रंगवलेली अंडी आणि मुरवलेलं आलं टोपलीत भरून ठेवलं होतं. पणतवाचं तोंड पाहायला मिळालं म्हणून आई सकाळपासून नुसती हवेत होती.

बंडी आ-फूकची, म्हणजे सुतयिंगच्या भावाची. त्याला महिना भरला तेव्हा आईने ही पेटीतून काढून त्याला घातली आणि थंडी होती म्हणून ती अंगावरून उतरवलीच नाही. आठवड्याच्या आत पोर पिवळं पडलं आणि गेलं.

सुतयिंग तेव्हा लहान होती. त्याच्या दुपट्यावर लघवीचा चहाच्या रंगाचा डाग पाहून तिने विचारलं होतं, असा का? तिसऱ्या आत्याने सांगितलं, वारा लागला. वैद्य म्हणाला, पोटातली उष्णता. आजीने नुसतं आईकडे पाहिलं. एका प्रश्नाला तीन उत्तरं, म्हणजे खरं कुणालाच ठाऊक नाही, एवढं त्या पोरीला कळलं. तो डाग काही तिच्या डोक्यातून गेला नाही. पुढे डॉक्टर झाली, पण दवाखाना थाटायचा सोडून प्रयोगशाळेत जाऊन बसली. "दुसऱ्याच्या रक्तावर जगतेय, डासच की," असं तिसरी आत्या चारचौघांत म्हणायची आणि सुतयिंगलाही ते पटायचं. तांबड्या पेशीला सांभाळणारं एक द्रव्य काही मुलांत कमी का पडतं, त्यांच्या जनुकातलं नेमकं कोणतं अक्षर बदललेलं असतं, कोणत्या घराण्यात कोणतं, हे शोधता शोधता तिचे केस पिकले. तिच्यासारख्यांच्या खटपटीमुळे आता बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त तपासतात. वाइलामच्या मुलाचंही तपासलं होतं, आणि दोष निघाला होता.

शिकत असताना एका व्याख्यानात डांबराच्या गोळ्यांचं नाव निघालं आणि तिला त्या डागाचं उत्तर मिळालं: त्या गोळ्यांच्या वाफेने अशा मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात. ते तिने पुढे जगभर सांगितलं. आईला मात्र सांगितलं नाही.

"उकडेल गं त्याला," ती आत्ता म्हणाली.

हॉटेलवाले बर्फासारखी हवा सोडतात, असं आईने सुनावलं. मग बंडी छातीशी धरून म्हणाली, "माझ्या हातचं नको असेल तर तसं सांग. माझ्याच हातून पोर गेलं, हे सासूने मला कधीच सांगितलंय."

"आई, तू बाळंतपणात केस धुतलेस, त्याने काही झालं नव्हतं."

आई थबकली. बाळंतिणीने महिनाभर डोक्याला पाणी लावायचं नसतं. तिला मात्र खाज सोसवेना, म्हणून लेकीला दाराशी पहाऱ्याला बसवून तिने एकदा चोरून केस धुतले होते. त्यानंतर दोघींपैकी कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

"मग कशाने झालं?"

इथे थांबता आलं असतं. आईच्या मनावरचा एक दगड उतरला होता, दुसरा चढवायला सुतयिंगचं मन घेईना. पण आई तिच्याकडे अशी टक लावून बघत होती, जशी सुतयिंग स्वतः सूक्ष्मदर्शकात बघे. आपल्यातला हा 'का' कुणाकडून आला, ते तिला आज कळलं. तिने सगळं सांगितलं. आई मध्ये मध्ये "मग?" विचारत गेली आणि शेवटपर्यंत पोचली.

"म्हणजे दोष माझ्याकडून गेला, आणि वर गोळ्याही मीच टाकल्या."

"दोष माझ्यातही आहे. आपल्या अंगात तो गप्प बसतो, मुलग्यांना छळतो. आणि गोळ्यांचं तेव्हा आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं?"

"तुला कधी कळलं?"

"शिकत होते तेव्हा."

"रोज रात्री मी तुला जेवायला वाढत होते, यिंग."

सुतयिंगला रडू आलं. आईने बंडी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"दर वर्षी नव्या गोळ्या टाकून झाल्या की मी हुंगायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, हा त्याचाच वास."

मग तिने खिडकीबाहेरच्या बांबूवर बंडी वाळत टाकली, अंगातला सदरा बदलला आणि टोपली उचलली.

हॉटेलात सगळे वाटच बघत होते. वाइलामने बाळ पुढे केलं तशी आई मागे सरली. बेसिनशी जाऊन तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. परत येऊन ते तिने सुतयिंगच्या नाकापुढे धरले.

"बघ बरं, येतोय का?"

सुतयिंगने ते हात हातात घेतले आणि नीट, सावकाश हुंगले. साबणाचा वास होता, थोडा आल्याचा.

"नाही, आई," ती म्हणाली. "घे त्याला."