बंद केलेले बारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बंद करायची झुंबरबाईची एक रीत होती. पडद्यावर दिसणारं शटडाऊनचं बटण दाबायचं, पडदा काळा झाला की डब्यावर तळहात ठेवायचा आणि आतली घरघर थांबेपर्यंत हात काढायचा नाही. असे बारा डबे. मग खिडक्या, मग कुलूप. बेलापूरजवळच्या त्या मिशनच्या शाळेत ती तेवीस वर्षं शिपाई होती. लॅबची चावी कमरेला आली त्या दिवसापासून तिची चाल बदलली, असं अख्खा गाव म्हणायचा. खोटं कशाला बोला, बदललीच होती.

ही रीत तिला सॅमसननं शिकवली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर घेऊन उभी राहिलेली धर्ममाता हीच. श्रीरामपुरात त्याचं दुरुस्तीचं दुकान. हेडमास्तर कृपादान सरांकडे तिनंच त्याच्यासाठी शब्द टाकला होता, म्हणून शाळेचे तेराही कॉम्प्युटर त्यानं जोडून दिले. बारा लॅबमध्ये, तेरावा सरांच्या टेबलावर. जाताना बजावून गेला होता, की लॅबचं मेन बटण बंद करायचं नाही, कॅमेऱ्याची लाईन त्याच्यावरच आहे.

दिवाळीनंतर रोज सकाळी बारापैकी बारा कॉम्प्युटर चालू सापडायला लागले. डबे तव्यासारखे तापलेले. बाई शपथेवर सांगायची, की काल ह्याच हातानं बंद केले. सॅमसन तीनदा येऊन गेला. विंडोज नव्यानं टाकलं, माऊस-कीबोर्ड काढून बघितले, इंटरनेटच्या वायरी ओढल्या. गुण नाही. चौथ्यांदा आला तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत त्याला विचारलं, नेमकं काय होतंय?

"यंत्र आपोआप चालू होत नसतं, सर," तो म्हणाला. "मावशी नुसता पडदा बंद करत असतील. वय झालंय त्यांचं."

बाई तिथंच चहाचा ट्रे धरून उभी होती. तिनं त्याच्यापुढंही कप ठेवला.

शनिवारी सरांनी बाईकडची चावी काढून सविताला दिली. सविता दुसरी शिपाई, तरणी. सोमवारच्या प्रार्थनेला सर मुलांसमोर बोलले, की निष्काळजी माणसामुळे शाळेचं नुकसान होतं. नाव घेतलं नाही. दोनशे मुलांनी मान वळवून बाईकडे बघितलं, तेव्हा नाव घ्यायचं राहिलं काय? आणि नवल बघा, त्या सोमवारपासून कॉम्प्युटर गुमान बंद राहायला लागले. झालं. आता पुरावाच मिळाला. बाई गेली आणि रोग गेला.

आठ दिवस ती संडास धूत होती. नवव्या दिवशी सविताच्या पोटात राहिलं नाही. पाण्याच्या टाकीमागं तिनं सांगून टाकलं. शनिवारी संध्याकाळी तिनं स्वतः सगळे कॉम्प्युटर बंद केले होते. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सॅमसननं लॅब उघडायला लावली, तर आत बाराही चालू! तो जरासुद्धा चमकला नाही. एकेका डब्याला पेनड्राईव्ह लावत दुपारपर्यंत बसला. मधेच लाईट गेली तर डबे बंद पडू नयेत म्हणून दुकानातून इन्व्हर्टरची बॅटरी आणली होती. निघताना म्हणाला, बोललीस तर तुझीही चावी जाईल.

झुंबरबाई तडक श्रीरामपूरला गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सॅमसननं आधी पाणी दिलं, मग खाली बघत सांगितलं. मदरबोर्डात बायोस नावाचा प्रोग्राम असतो. डब्यानं झोपायचं कधी, उठायचं कधी, हे त्याच्या हातात. ह्या बोर्डांचा बायोस जुना निघाला. बंद केलेला कॉम्प्युटर थोड्या वेळानं आपला आपण उठायचा. कंपनीनं सुधारलेला बायोस वेबसाईटवर ठेवला होता, तो त्यानं भरला.

"तुला कधी कळलं?"

"स्टाफरूममध्ये बोललो, त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हंजी म्हाईत असून बोललास."

तो म्हणाला, बोर्ड न तपासता बसवले हे बाहेर आलं तर शाळेचं काम जाईल. तुमचं काय, दोन वर्षांनी रिटायरच होणार. बाईनं पाणी तसंच ठेवलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. सॅमसन आधीच बसला होता. त्यानं म्हणे बाईसाठी रदबदली केली होती. माफीचा कागद तयार होता, सही केली की चावी परत. ज्यानं केसानं गळा कापला, तोच मलम घेऊन आला होता.

बाईनं पेन घेतलं नाही. "सर, तुमचा कॉम्पुटर तुमच्याच हातानं बंद करा. मेन बटन रोज बंद करता, ते आज करू नका. अन् बसा घटकाभर. बनवला तर ह्यानंच हाय."

सॅमसन घाईनं म्हणाला, की त्याची काही गरज नाही. त्या घाईमुळंच बहुधा सरांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. सरांनी हजेऱ्या तपासल्या. पंचवीसेक मिनिटं गेली. बाई उभीच. मग टेबलाखाली घरघर सुरू झाली, पडदा उजळला. टेबलाला कुणाचा हात लागला नव्हता.

सर सॅमसनकडे वळले.

"बायोसचा प्रॉब्लेम दिसतोय, सर," सॅमसन म्हणाला. "मलाही आत्ताच कळतंय."

बाईनं सविताला बोलवायला सांगितलं. सविता आली, पदराशी चाळा करत म्हणाली, मी काही बघितलं नाही. सरांनी माफीचा कागद फाडला, चावी टेबलावर सरकवली आणि विषय संपला म्हणाले. प्रार्थनेला सांगाल का, असं बाईनं विचारलं. सर म्हणाले, मुलांना त्यातलं काय कळतंय. वळून सॅमसनला विचारलं, हा माझा कधी नीट करतोस?

चावी तिनं घेतली. तिच्या हक्काची होती.

रविवारी मिस्सात शांती देण्याची वेळ आली. बायका एकमेकींना हात जोडत होत्या. सॅमसन पुरुषांची बाजू सोडून सगळ्यांदेखत तिच्यापुढं आला, हात जोडले आणि म्हणाला, "शांती, मावशी."

तिनं दोन्ही तळहात पदराखाली घेतले.

"सोमवारी प्रार्थनेला ये," ती म्हणाली. "पोरांसमोर सांग. मग मी दीन शांती."

पुढची गायनं सुरू झाली तरी तो हात जोडून तसाच उभा होता. सोमवारी आला नाही.