शिट्टी वाजेपर्यंत

बावीस वर्षं ढोल ही माझी सवत होती. नवरा माझा, पण गावात लग्न निघालं की दावीदच्या गळ्यात ढोल. बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्याच्या कमरेत हात घालून त्या ढोलाच्या तालावर नाचायच्या आणि मी नणंदांच्या रांगेत. "प्रिस्किलाचा जोडीदार कामावर आहे," म्हणून त्या हसायच्या. मीही हसायचे, पण आतून जळायचे.

म्हणून नवापूरला जोडप्यांच्या बॉलरूम नाचाची स्पर्धा आहे कळल्यावर मी त्याला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली.

"मला वाजवता येतं, नाचता कुठं येतं?" तो म्हणाला.

"बक्षीस नको मला. एकदा चारचौघांत माझ्यासोबत नाच आणि शेवटपर्यंत टिक."

मोबाईलवर बघून आम्ही आठ दिवस खळ्यात सराव केला. हातात हात, दुसरा हात बाईच्या पाठीवर आणि गोल फिरायचं.

रविवारी दुपारी हॉलमध्ये आठ जोड्या जमल्या. परीक्षक रुचिका मॅडमनी कागद काढून नियम वाचले. दोन जोड्या समोरासमोर नाचणार, हरेल ती घरी. हात सुटला तर बाद. शिट्टी वाजायच्या आत पाय थांबले तर बाद. पुरुषाचा तळवा बाईच्या पाठीवरून उचलला तर एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाद. मी कान देऊन ऐकत होते. दावीद साऊंडवाल्याचे डबे न्याहाळत होता.

व्हायचं तेच झालं. गाणं लागलं आणि गड्याचा तळवा माझ्या पाठीवर थापा मारायला लागला. अख्खा हॉल खो खो हसला.

"काका, ही ताकीद," मॅडम म्हणाल्या.

समोरच्या जोडीचा हात सुटला म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या फेरीत त्यानं भीतीनं हात दगडासारखा ठेवला, तर पायांचा ताल गेला. माझ्या पायाची बोटं दोनदा चेंगरली. तिथंही समोरच्यांनी गिरकी घेताना हात सोडला आणि आम्ही कसेबसे पुढे सरकलो. देवाची कृपा, दुसरं काय!

शेवटच्या फेरीआधी मी त्याच्या कानाशी गेले. "तळवा उचलायचा नाही असं लिहिलंय. बोटांबद्दल कागदात काही नाही. वाजव."

समोर नंदुरबारचे सोनम आणि गोकुळ होते, क्लासमध्ये शिकलेले, चकचकीत बुटांतले. खरं सांगते, ते आमच्यापेक्षा छान नाचत होते. पण माझ्या पाठीवर दावीदची बोटं हळूच वाजत होती आणि आमचे पाय चुकत नव्हते.

तेवढ्यात वीज गेली.

गाणं मधेच तुटलं, पंखे थांबले. सोनम-गोकुळ थांबून डब्यांकडे बघायला लागले. कोणीही थांबलं असतं. माझं गाणं मात्र चालूच होतं. आम्ही फिरत राहिलो. हॉलमध्ये आमच्या चपलांचाच आवाज.

"गाणं बंद पडलं ना!" गोकुळ म्हणाला.

माईक सांभाळणारे कोरीटचे मोतीलालभाऊ उठूनच उभे राहिले. "गानं बंद पडनं, शिटी वाजनी नही! नियम म्हंजे नियम शे!"

मॅडमनी कागद पाहिला आणि सोनम-गोकुळला बाजूला व्हायची खूण केली. आम्ही जिंकलो होतो, तरी त्यांनी शिट्टी लगेच वाजवली नाही. आमचे पाय बघत राहिल्या. मग मागच्या रांगेतून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. वळून पाहिलं तर माझ्याच दोन्ही नणंदा! बघता बघता सगळा हॉल त्या ठेक्यात आला. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

शेवटी शिट्टी वाजली.

"आता उचल तळवा," मी म्हटलं.

वरात दारात पोचली की तो ढोलावर जी दणदणीत थाप देतो, तीच त्यानं माझ्या पाठीवर दिली. पाठ संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती.

ट्रॉफी आता घरात ढोलावर ठेवलीय. पुढच्या लग्नाला वाजवायला दुसरा माणूस बघा, असं मी गावाला सांगून टाकलंय.