धणे भाजताना

मिरची.

गुणाबाईने मिरच्या कढईत टाकल्या आणि सुनेला, तुळजाला, चुलीपलीकडे समोरच बसवलं.

“थोबाड हिकडं ठेव. हलू नको.”

ठसका दोघींनाही लागला. गुणाबाईच्या पाठीमागे, दारात बसलेल्या शेलार गावच्या बायकाही खोकल्या. वर्षाचा मसाला तिच्याच हातून भाजून न्यायचा, ही त्यांची रीत. कढई कधी उतरवायची ते गुणाबाईचं नाक सांगतं, असं भिवंडीभर बोलत.

दूध.

यंदा, त्र्याहत्तरच्या माघात, गुणाबाईला ताप आला. ताप उतरला आणि तुळजाचं प्रत्येक कालवण तिला माती लागू लागलं. खारट कळे, आंबट कळे. त्यापुढे सुकट काय, वाल काय, सारखंच. जिभेला एवढंच येतं. बाकीची चव नाक करतं.

ताट ढकलून ती सुनेच्या माहेरावरून शेजारणींना ऐकवी, अकलोलीच्या पोरींच्या हातालाच चव न्हाय. तुळजाने मसाला वाढवून पाहिला. शिव्या वाढल्या.

आज सकाळी दूध करपलं. तुळजा वासाने अंगणातून धावत आली, आणि उंबऱ्यावर थांबली. गुणाबाई पातेल्याला लागून बसली होती. शांतपणे लसूण सोलत.

धणे.

मिरची नाक गेलेल्यालाही झोंबते, डोळ्यांना, घशाला. धण्याला फक्त वास. रंग फिरलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

उलथनं फिरत होतं. गुणाबाई कढईकडे बघत नव्हती. ती तुळजाच्या नाकपुड्यांकडे बघत होती.

धण्यांआधी दालचिनी. लवंग. बडीशेप. मघापासून तुळजाने खोल श्वास ओढला, की कढई खाली उतरत होती. प्रत्येक वेळी.

तुळजाने पदर ओढून नाकातोंडावर घेतला.

उलथनं थांबलं.

“पदर काढ.”

“धूर हाय, आत्याबाई.”

शेजारच्या पॉवरलूमची खडखड भिंतीतून येत राहिली. धणे खमंग झाले. मग त्यापुढे जाऊ लागले.

गुणाबाई चुलीवर वाकली. दारापर्यंत जाऊ नये इतक्या खालच्या आवाजात म्हणाली,

“धणं झालं काय गं?”

तुळजाने पदर आणखी घट्ट धरला.

“अकलोलीच्या पोरीला काय कळतंय?”

करपट वास दारात पोचला, तशी गुणाबाईच्या पाठीमागची कुजबुज थांबली. कोणीतरी उठून उभं राहिलं.