पुंजक्याचं श्रेय

प्रयोगशाळेत तिला सगळे सुरी म्हणायचे. तोंडावरसुद्धा. गोठवलेला मेंदू यंत्रात बसवून त्याचे काप काढायचे, तर इतरांचे काप फाटायचे, गुंडाळायचे, काचपट्टीवर सुरकुतायचे. तिचे मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखे अलगद उतरायचे. हे नाव तिला आवडायचं.

तिचे वडील शिंपी होते. ती शाळेत असतानाच त्यांचे हात थरथरायला लागले. आधी सुईत दोरा ओवायला ते तिला हाक मारायचे, मग बटणं लावायला, मग घास भरवायला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूच्या बुंध्याशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो, त्या एक रसायन बनवतात, आणि त्या मरायला लागल्या की हात ऐकेनासे होतात. आईने पदर डोळ्यांना लावला. पोरीने विचारलं, त्या मरतात कशाने? डॉक्टर म्हणाले, ते कळलं असतं तर मी या दवाखान्यात बसलो असतो का?

त्या प्रश्नापायीच ती मोठ्या सरांच्या संस्थेत पोचली. मोठे सर म्हणजे मेंदूच्या रसायनांतलं बडं प्रस्थ. विद्यार्थ्यांना ते 'बाळ' म्हणायचे आणि कुणाचंही काम मागे उभं राहून कौतुकाने बघायचे. दुसऱ्या टेबलावर त्यांचा जावई बसायचा. त्याला सगळे जावईबापू म्हणायचे, पण त्याच्या पाठीमागे.

तिथे सुरीला तो पुंजका सापडला. काळ्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला चिमूटभर पेशी, कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीत नसलेल्या. तिने त्यांना एक खास रंग दिला. तो रंग फक्त ते रसायन असलेल्या पेशींनाच धरतो असं सगळे मानत होते. पुंजका झळाळून उठला. हात थरथरणाऱ्या रोग्यांच्या मेंदूतही तिने तो शोधला. पट्टा मेलेला होता, पुंजका धडधाकट होता. म्हणजे शरीरात राखीव कुमक होती, फक्त तिला जागं करायला हवं होतं. मोठे सर बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच सुमाराला वडील अंथरुणाला खिळले. ती सुट्टी टाकून घरी गेली. ते जाईपर्यंत तिथेच राहिली, त्यांना चमच्याने पेज भरवत. परत आली तेव्हा लेख छापून झाला होता. पहिलं नाव मोठ्या सरांचं, दुसरं जावईबापूचं. अगदी शेवटी, बारीक टायपात, काप काढून दिल्याबद्दल तिचे आभार मानले होते.

ती सरांच्या खोलीत गेली. त्यांनी तिला बसवलं, कॉफी मागवली, वडील गेल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

"सर, पुंजका मी शोधला होता."

"बाळ, तुझे हात सोन्याचे आहेत," सर म्हणाले. "पण नुसत्या हातांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही."

तिने कॉफी संपवली, येते म्हणाली, आणि संस्था सोडली. पुढे कित्येक वर्षं तिला त्या बोलण्यापेक्षा जास्त राग याचा यायचा, की आपण ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

एका वैद्यकीय महाविद्यालयात तिला शरीररचना शिकवायची नोकरी मिळाली. खोली फॉर्मलिनच्या पिंपांशेजारी होती. तिथल्या वासाने पाहुणे टिकायचे नाहीत, आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं. लग्न केलं ते गणिताच्या मास्तरांशी, शांत माणूस. हळूहळू तिने स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभी केली. तिथे एक नवी पद्धत आली. पेशी एखादं रसायन खरंच बनवते की नाही, हे तिच्या जनुकांकडून सुटणाऱ्या आदेशांवरूनच कळायचं, रंगावर भिस्त ठेवायची गरज उरली नव्हती. सुरीने तपासायला पहिला पुंजकाच घेतला. नव्या पद्धतीने तो पुन्हा सिद्ध करून आपल्या नावावर करायचा, असा तिचा बेत होता.

पुंजका होता. पण ते रसायन तो बनवतच नव्हता. बनवत होता त्याचंच एक जवळचं भावंड, आणि हात हलवायच्या कामी ते शून्य होतं. रंग फसला होता, आणि रंगावर विश्वास ठेवून ती फसली होती.

तिने काचपट्टी पुन्हा एकदा बघितली. मग हसायला लागली. इतकी हसली की शेजारच्या खोलीतले प्राध्यापक बघायला आले.

घरी तिने मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, उद्याच लिहून टाक.

"मी कशाला लिहू? शोध त्यांचा आहे ना?"

"अगं, तुझ्या वडिलांसारखी माणसं पुंजक्याला जागं करणाऱ्या औषधाची वाट बघत असतील."

"माणसांना द्यायची वेळ येईल तेव्हा बोलेन," ती म्हणाली. "तोवर सरांना चढू दे. जितकं उंच चढता येईल तितकं."

मास्तरांनी वाद घातला नाही. ते वह्या तपासायला बसले, पण त्या दिवशी एकाच वहीवर अडकून राहिले.

सुरीने सारं पुनःपुन्हा तपासलं, वेगवेगळ्या ठिकाणचे मेंदू मागवून पाहिले, आणि निष्कर्ष कपाटात ठेवून दिला. एवढंच करून ती थांबली नाही. स्वतःच्या प्रत्येक लेखात ती 'मोठ्या सरांचा पायाभूत शोध' असा आवर्जून उल्लेख करायची. ते संचालक झाले तेव्हा तिने फुलांचा गुच्छ पाठवला. त्यांच्या नावाने सभागृह बांधलं गेलं, पुंजक्याला जागं करणारं औषध तयार झालं, उंदरांना दिलं गेलं, आकडे ओढूनताणून बरे दिसतील असे मांडले गेले. ती सगळं वाचायची आणि चवीने जेवायची.

शेवटी बातमी आली की औषध आता रोग्यांना देऊन बघणार. त्याची घोषणा मोठ्या परिषदेत व्हायची होती, सरांच्या सत्कारानंतर. सुरीने त्याच दुपारी बोलायला वेळ मागून घेतला. विषय असा मोघम दिला की कुणाला शंका येऊ नये.

सर पहिल्या रांगेत बसले होते, गळ्यात सकाळचं पदक. तिने दिवे मंद करायला सांगितले आणि एकेक चित्र दाखवत गेली. आवाज चढवला नाही. आधी जुन्या रंगातला पुंजका दाखवला, मग त्याच पेशी नव्या पद्धतीने, मग दुसऱ्या संस्थेतून मागवलेल्या मेंदूंचे काप, मग तिसऱ्या संस्थेतले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. औषध कंपनीचा माणूस उठून फोन कानाला लावत बाहेर गेला.

सरांनी माइक मागितला. त्यांचा हात स्थिर होता, पण बोलणं नेहमीसारखं मधाळ नव्हतं.

"माझ्यापुढे जे आलं त्यावर मी विश्वास ठेवला. काप काढणं, रंग देणं, तपासणं, सगळं या बाईंनीच केलं होतं. चूक असेल तर ती त्यांची आहे."

जावईबापूने त्यांचा कोट ओढला. त्यांनी हात झटकला.

"पुंजका पहिल्यांदा कुणी पाहिला, सर?" तिने विचारलं.

"तुम्हीच."

"आणि त्याचा अर्थ कुणी लावला?"

"तुम्हीच लावलात. सगळं तुमचंच होतं."

 इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते त्यांनी भरसभेत, स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं.

"चूक माझीच होती," ती म्हणाली. "ती मी आज दुरुस्त केली. तुमची कोणती, ते आत्ता तुम्हीच सांगितलंत."

सर खाली बसले. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या चहाच्या सुट्टीआधीच रिकाम्या झाल्या होत्या.

सुरी तोंड धुवायला गेली. आरशासमोर एक तरुणी उभी होती, गळ्यात सरांच्या संस्थेचं ओळखपत्र. तिचा प्रबंध पुंजक्यावरच होता, अगदी संपत आलेला, असं तिने सांगितलं. रडत नव्हती.

"मॅडम, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

सुरीला खोटं बोलता आलं असतं. "तू सुरुवात केलीस त्याच्या आधीपासून," ती म्हणाली.

"मला कळवलं असतंत तर?"

"तर ते सावध झाले असते."

मुलीने मान हलवली, जणू काही एखादा आकडा पडताळून पाहिला, आणि निघून गेली.

सरांनी प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. औषध बारगळलं. जावईबापू दुसऱ्या क्षेत्रात गेला म्हणतात. तो लेख मागे घेतला गेला. मागे घेण्याच्या टिपणात मात्र, मूळ शोध कुणाचा हे सांगताना, सुरीचं नाव पहिलं आलं. तिने ते मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी बरं झालं म्हटलं आणि पुन्हा त्या विषयावर काही विचारलं नाही. तिला शांत झोप लागत होती. पश्चात्ताप होईल असं तिला वाटलं होतं. तो आला नाही.

काही दिवसांनी तिने त्या मुलीला आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं. येईल असं वाटत नव्हतं, पण ती आली. फॉर्मलिनच्या वासाने तिने नाकसुद्धा मुरडलं नाही. टेबल पाहिलं, यंत्र पाहिलं, मग म्हणाली, "माझ्या कामावर माझं नाव पहिलं राहील, असं लेखी द्या. तुमच्या सहीने."

सुरीने पेन उघडलं. मुलगी उभीच राहिली, आणि सही पूर्ण होईपर्यंत तिच्या हाताकडे बघत राहिली.